दोडक्याच्या मांडवावरची सीडी

गिरीजला ॲन्सेल्म तुस्कानोच्या घरामागे, वाडीला लागून, एक बसकी खोली आहे. त्याच्या वडिलांच्या काळात तिथे केळीचे घड पिकायला टांगत. छताच्या आडव्या वाशावर दोऱ्यांनी पाडलेल्या खाचा अजून दिसतात. आता वाशाखाली टेबल आहे, आणि टेबलावर कुठला ना कुठला प्रिंटर पोट उघडं टाकून पडलेला असतो. ॲन्सेल्म त्याला लगेच हात लावत नाही. आधी तो कान लावतो. रोलर कुठे अडखळतो, दातेरी चाक कुठे दात खातं, हे त्याला ऐकूनच कळतं.

"माझं इतकं ऐकलं असतंस तर मी संत झाले असते," जॉयस म्हणते. ती त्याची बायको, निवृत्त भूगोल शिक्षिका.

"झालीच आहेस," तो म्हणतो. "पस्तीस वर्षं माझ्यासोबत काढलीस."

तरुणपणी तो मुंबईत टाइपरायटर दुरुस्त करायला शिकला. टाइपरायटर गेले, प्रिंटर आले, त्याने तेही शिकून घेतलं. मग एक दिवस दुकानच गेलं. मालकाने बंद करायचं ठरवलं तेव्हा गोदामात एकाच जातीचे एकतीस लेझर प्रिंटर उरले होते, खोकी न फोडलेले. ॲन्सेल्म गिरीज आणि सांडोरच्या ओळखीच्या घरांतून सायकलीवर फिरला. यंत्र चांगलं आहे, घ्या, म्हणाला. कोणी शिकवण्या घेत होतं, कोणी रोपवाटिकेच्या चिठ्ठ्या छापणार होतं, कोणाला नुसती हौस होती. एकतीसही खोकी खपली; स्वतःसाठी एक त्याने आधीच घेतला होता. कोणी विचारलं की हाच का घेतला, तर सगळीकडे उत्तर एकच असे: ॲन्सेल्मने सांगितलं म्हणून.

हे वाक्य पुढे त्याच्या मानेवर बसलं. कारण पाच-सहा वर्षांत घरोघरचे कॉम्प्युटर बदलले, आणि नव्या कॉम्प्युटरला हा प्रिंटर ओळखू येईना. कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यात एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. कॉम्प्युटर म्हणतो, हे पान छाप. दुभाषा ते प्रिंटरच्या भाषेत सांगतो. कंपनीने या प्रिंटरसाठी नवा दुभाषा बनवायचं बंद केलं होतं. यंत्रं धडधाकट, आणि एकतीस घरांत मुकी.

कोणी त्याला बोललं नाही. तेच त्याला बोचत होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सांडोरच्या आल्बिनामावशींनी प्रिंटरवर क्रोशाचं कापड घालून वर पवित्र मारियेची मूर्ती ठेवली. ऐंशीच्या घरातली बाई. त्या यंत्रावर मावशी माळेच्या प्रार्थना मोठमोठ्या अक्षरांत छापत असत, वाड्यातल्या आणखी सात-आठ म्हाताऱ्यांसाठी, ज्यांना प्रार्थनेच्या पुस्तकातली बारीक अक्षरं दिसेनाशी झाली होती. "असू दे रे," त्या म्हणाल्या. "बसायला उंच जागा तरी झाली तिला."

त्या दिवशी ॲन्सेल्म सायकल हातात धरून चालत घरी आला.

दुभाषा त्याला सापडला तो इंटरनेटवर, आणि तोही परक्या माणसाचा. यान्को नावाचा एक गृहस्थ, स्लोव्हेनिया नावाच्या देशात. जॉयसने तिच्या जुन्या ॲटलासमध्ये बोट ठेवून दाखवलं. बोटाखाली देश झाकला जात होता. यान्कोकडेही हाच प्रिंटर होता आणि त्याचाही मुका झाला होता. पण तो गप्प बसला नाही. प्रिंटरकडे जाणाऱ्या तारेतून काय काय जातं ते त्याने महिनोन्‌महिने टिपलं. एक ठिपका छापून पाहिला, मग दोन. कंपनीने लिहिलेली एक ओळही न बघता, नुसतं ऐकून ऐकून, त्याने प्रिंटरची भाषा शिकून घेतली आणि आपला दुभाषा लिहिला. मग तो लोकांसमोर ठेवला. खाली अट लिहिली होती: घ्या, वापरा, बदला, वाटा, पण ज्याला द्याल त्याला हीच मोकळीक द्या, आणि लिहिणाऱ्याचं नाव पुसू नका.

ॲन्सेल्मने ती अट दोनदा वाचली आणि जॉयसला हाक मारली.

"हे आपल्या मुनव्यासारखं आहे," तो म्हणाला.

तुस्कानोंच्या घरात रीत होती. राजेळी केळीच्या बुंध्याशी फुटलेला मुनवा, म्हणजे नवं रोप, कोणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. नेणाऱ्याने त्याच्या पहिल्या घडातली पहिली फणी आणून द्यायची, आणि पुढे त्याच्याकडे कोणी मागितलं तर त्यानेही नाही म्हणायचं नाही. ॲन्सेल्मच्या आज्यापासून हे चालत आलेलं. कुठल्या वाडीत कुणाच्या केळी वाढल्या याचा हिशेब कधीच सुटला होता. फण्या मात्र येत राहिल्या.

यान्कोच्या दुभाष्यासोबत एक सूचना होती. हा प्रिंटर विसराळू आहे, तिच्यात लिहिलं होतं. बंद केला की सगळं विसरतो. रोज चालू केल्यावर कॉम्प्युटरने त्याला एक छोटी फाइल पाठवावी लागते, तेव्हा त्याला आपण कोण ते आठवतं. ती फाइल कंपनीची आहे, मी ती देऊ शकत नाही. प्रिंटरसोबत आलेल्या तुमच्या स्वतःच्या सीडीवरून घ्या.

ॲन्सेल्मने आपली सीडी कपाटातून काढली. फाइल गेली. क्षणभर काही झालं नाही. मग प्रिंटरने आतल्या आत दोनदा रोलर फिरवले, खाकरल्यासारखे, आणि हिरवा दिवा स्थिर झाला. सहा वर्षांनी. जॉयस दारात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, कारण त्याचे डोळे भरून आले होते आणि प्रिंटरसाठी रडणं त्याला बरं दिसेना.

त्याने यान्कोला पत्र लिहिलं. यान्कोने उत्तर दिलं. दोघांचंही इंग्रजी सारखंच अशक्त, त्यामुळे एकमेकांचं नीट कळायचं. मराठी अक्षरांच्या पानावर वेलांट्या कापल्या जात, ते ॲन्सेल्मने कळवलं आणि यान्कोने दुरुस्त केलं. फोटो मात्र तांदळाच्या कण्यांसारखे जाडेभरडे छापले जात. "वाट पाहा," यान्कोने एवढंच लिहिलं. दोन वर्षांनी एका सकाळी नवी आवृत्ती आली, आणि पहिल्यांदा माणसांचे चेहरे चेहऱ्यांसारखे उमटले. ॲन्सेल्मने यान्कोला सुकेळ्यांचं पाकीट पाठवलं. त्याच्या वाडीतली राजेळी, जॉयसने उन्हात सुकवलेली. पहिली फणी म्हणून. यान्कोने उत्तरादाखल त्याला इंटरनेटवरच्या आपल्या पानाची किल्ली दिली, म्हणजे ॲन्सेल्मलाही तिथे काही ठेवता येईल अशी मुभा. तू मराठीची बाजू सांभाळ, म्हणाला.

त्या किल्लीनेच घोटाळा झाला.

एकतीस घरांत दुभाषा बसवताना ॲन्सेल्मला प्रत्येक ठिकाणी तेच ऐकावं लागत होतं. सीडी? कुठली सीडी? त्याने विचार केला, माझ्या सीडीवर फाइल आहेच, सगळ्यांचे प्रिंटर एकाच जातीचे, मग शोधाशोध कशाला? त्याने फाइल सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर घातली. एकतीस घरांत रोलर खाकरले. आल्बिनामावशींनी मूर्ती उचलून खिडकीत ठेवली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'नमो मारिया' छापून त्याच्या हातात दिलं. त्याला इतका आनंद झाला की तो आनंद गिरीज-सांडोरात मावेना. जगात आणखी कितीतरी जणांची सीडी हरवली असेल, त्याला वाटलं. त्याने दुभाषा आणि फाइल एकत्र बांधली, वर यान्कोचं नाव घातलं, यान्कोची अट घातली, आणि ते गाठोडं यान्कोच्या पानावर ठेवून दिलं. खाली लिहिलं: सगळं तयार आहे, न्या आणि पुढे द्या.

मागितलं तर नाही म्हणायचं नाही. इथे तर कोणी मागायच्या आधीच त्याने दिलं होतं.

तीन आठवड्यांनी यान्कोचं पान उघडेना. तिथे फक्त एक इंग्रजी वाक्य होतं: हक्कधारकाच्या तक्रारीवरून हे पान काढण्यात आलं आहे. त्याच दिवशी यान्कोचं पत्र आलं.

"प्रिय ॲन्सेल्म, मी रागावलेलो नाही. पण तू ती फाइल ठेवलीस का? कंपनीच्या वकिलांना वाटतं मीच ठेवली. माझं अकरा वर्षांचं काम त्या पानावर आहे. मला उत्तर द्यायला चौदा दिवस आहेत. माझ्याकडे वकील नाही."

ॲन्सेल्म त्या दिवशी जेवला नाही. खोलीत जाऊन बसला, टेबलावर कुठलंही यंत्र नसताना. जॉयसने ताट झाकून ठेवलं आणि चंद्रहासला फोन केला.

चंद्रहास राऊत त्याचा शेजारी. दोघांच्या वाड्यांमध्ये एक कुंपण, आणि त्या कुंपणाला साठ वर्षांत दोघांनी पाडलेली एक वाट. चंद्रहासची मुलगी कृतिका बोळिंजला राहते आणि अंधेरीच्या एका कचेरीत पेटंट आणि कॉपीराइटचे कागद बघते. रविवारी सकाळी ती वडिलांकडे आली, तशीच कुंपणातून इकडे आली. तिने यान्कोचं पत्र वाचलं, मग ॲन्सेल्मने बांधलेलं गाठोडं उघडून पाहिलं.

"अंकल, दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एका पाकिटात घातल्यात," ती म्हणाली. "आणि पाकिटावर यान्कोची अट चिकटवलीत."

"चांगली अट आहे ती, बाय."

"चांगलीच आहे. पण ती त्याच्या मालाला. ड्रायव्हर त्याने लिहिला, त्याचा कॉपीराइट त्याचा, म्हणून त्यावर अट घालायचा हक्क त्याला आहे. ती फाइल कंपनीने लिहिली. तुम्ही म्हणजे बाबांच्या वाडीतला मुनवा खणलात, गावात वाटलात, आणि वर म्हणालात, घ्या, यान्को फुकट देतोय."

"माझ्या वाडीतला खणला तरी मी काही बोलणार नाही," चंद्रहास म्हणाला. तो पायरीवर बसून सुपारी कातरत होता.

"बाबा, तुम्ही गप्प बसा. तुम्ही कंपनी नाही."

"देवाची कृपा."

कृतिका हसली नाही. ती यान्कोच्या जुन्या नोंदी वाचत होती. ॲन्सेल्मकडे त्यांची प्रत होती, पण त्याने त्या कधी पूर्ण वाचल्या नव्हत्या. "हे बघा," ती म्हणाली. "फोटो खराब यायचे ना सुरुवातीला? का ते लिहिलंय त्याने. बारीक ठिपके टाकायची एक युक्ती आहे, तिच्यावर काही देशांत पेटंट होतं. कॉपीराइट म्हणजे लिहिलेल्या ओळींवरचा हक्क. तुम्ही तीच गोष्ट स्वतःच्या ओळींत लिहिलीत तर चालतं. पेटंट युक्तीवरच असतं. स्वतःच्या ओळींत लिहिलीत तरी ती वापरता येत नाही, मुदत संपेपर्यंत."

"आपल्याकडेही?"

"आपल्याकडे नुसत्या प्रोग्रामवर पेटंट देत नाहीत. पण त्याचा ड्रायव्हर सगळ्या देशांत जातो. म्हणून त्याने काय केलं माहितीये? तो भाग लिहून तयार होता, तरी बाहेर ठेवला. चार वर्षं. मुदत संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आत घातला. तारीख आहे बघा इथे."

ॲन्सेल्मने तारीख पाहिली. त्या सकाळी माणसांचे चेहरे उमटले होते. त्याला वाटलं होतं यान्कोला काहीतरी नवीन सुचलं. ते सुचलेलं नव्हतं, थांबलेलं होतं. एक माणूस जगाच्या त्या टोकाला तयार वस्तू हातात धरून चार वर्षं थांबला, कोणाच्या हक्काला धक्का लागू नये म्हणून, आणि आपण त्याच्या दारात दुसऱ्याची वस्तू आणून ओतली. तेही प्रेमाने.

"आता काय करायचं ते सांग," तो म्हणाला.

"पत्र लिहायचं, सही करून. फाइल मी ठेवली, माझ्या सीडीवरून घेतली, यान्कोला माहीत नव्हतं. त्याच्या ड्रायव्हरमध्ये कंपनीचं काही नाही, ते तो स्वतः त्याच्या नोंदींवरून दाखवेल. आणि मी वाटलेल्या प्रती परत घेतल्या, असं लिहिलंत तर पत्राला वजन येईल."

"लिहितो."

"घेतल्यास का परत?" जॉयसने विचारलं.

"घेईन."

"मग घेतल्यावर लिही."

चौदातले तीन दिवस गेले होते.

ॲन्सेल्म सायकल घेऊन निघाला. चौदा वर्षांपूर्वी ज्या दारांवर तो प्रिंटर घेऊन गेला होता त्याच दारांवर आता तो फाइल पुसायला गेला. प्रत्येक घरात उभं राहून त्याने सांगितलं: मी तुम्हाला जे दिलं ते माझं नव्हतं, ते मी काढून टाकतो आहे, तुमची सीडी सापडली तर त्याच सीडीवरून पुन्हा घालून देतो, कारण ती तुम्हाला यंत्रासोबत मिळाली आहे. त्याला वाटलं होतं लोक चिडतील. लोकांनी त्याला आधी चहा पाजला आणि मग सीडी शोधायला लागले.

सीडी घरात कोणाचीच नव्हती. गिरीज-सांडोरात चकचकीत वस्तूचा उपयोग लोकांना कंपनीपेक्षा चांगला कळतो. सीड्या वाडीत टांगलेल्या होत्या. पाखरांना भिववायला, भाजीच्या वाफ्यांवर, वेलींच्या मांडवांवर, दोऱ्याला लटकून गरगर फिरत. चंद्रहासच्या दोडक्याच्या मांडवावर एकूण अकरा निघाल्या. त्यात दोन लग्नांच्या, एक इंग्रजी बोलायला शिका, एक कृतिकाच्या बारावीच्या गणिताची, आणि बाकीच्या नुसत्या ऊन खाऊन पांढऱ्या पडलेल्या.

"ही बघ, तुझी," चंद्रहास शिडीवरून ओरडला.

"माझी नाही, तुझी. तेच तर सांगतोय."

"बरं बाबा, माझी. पण पोपटांना आता काय सांगू? हक्कधारकाच्या तक्रारीवरून काढली?"

ॲन्सेल्म त्या दिवसांत पहिल्यांदा हसला. त्याने सीडी साबणाच्या पाण्यात धुतली, सुती फडक्याने मधून कडेकडे पुसली, आणि चंद्रहासच्याच कॉम्प्युटरमध्ये घातली. ती बराच वेळ घरघरली. मग वाचली गेली. रोलर खाकरले.

आठ दिवस हेच चाललं. सकाळी सात ते ऊन चढेपर्यंत, पुन्हा चारनंतर. गुडघे दुखत होते. एका घरी सीडी विहिरीच्या रहाटाला बांधलेली होती, एका घरी आमटीच्या पातेल्याचं झाकण झाली होती. वाचता येतील अशा तेवीस निघाल्या. ज्यांच्या वाया गेल्या होत्या त्यांच्यासाठी कृतिकाने कंपनीच्याच संकेतस्थळावरचं एक जुनं पान शोधून काढलं. तिथे आपल्या प्रिंटरच्या पाठीवरचा नंबर घालून, अटी मान्य करून, मालकाला आपल्यापुरती फाइल घेता येत होती. तिने अटी शेवटपर्यंत वाचल्या, तेव्हाच हो म्हटलं. सात घरं तशी मार्गी लागली.

उरल्या आल्बिनामावशी.

"सीडी?" मावशी म्हणाल्या. "ती नाताळच्या गव्हाणीत गेली. तळं केलं मी तिचं."

त्यांनी पेटी उघडून दाखवलं. मेंढरं, मेंढपाळ, कापसाचं बर्फ, आणि मधोमध सीडीचं तळं. वर निळा रंग दिलेला, त्यावर तीन बदकं गोंदाने चिकटवलेली.

"नंबर बघतो मागचा," ॲन्सेल्म म्हणाला. त्याने प्रिंटर वळवला. नंबराची चिठ्ठी पाठीवर नव्हती. मूर्तीपुढच्या फुलांचं पाणी आठ वर्षं तिथून ओघळत होतं. चिठ्ठीचा नुसता पिवळा डाग राहिला होता.

त्याने फाइल पुसली. हिरवा दिवा विझला. मावशी खुर्चीत बसून त्याच्याकडे पाहत होत्या. शुक्रवारी नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ शुक्रवारांची प्रार्थना, सुरू होणार होती. त्यांनी छापायची पानं काढून ठेवली होती, बाजूला आठ नावांची यादी.

"ठेव ती फाइल, मी कुणाला सांगत नाही," त्या म्हणाल्या.

"मला सांगायचंय, मावशी. कागदावर लिहून, सही करून."

"मग राहू दे. तोंडपाठ म्हणतील."

"सगळ्यांना पाठ आहे?"

"कुठलं रे. निम्म्या जणी नुसते ओठ हलवतात."

सायकलवर बसून ॲन्सेल्म गिरीजला आला, थेट मागच्या खोलीत. कपाटातली सीडी काढली. तीच, जिच्यावरून सगळं सुरू झालं होतं. टेबलाखालचा आपला प्रिंटर काढला आणि पुसला. जॉयस दारात आली.

"मी प्रत देऊ शकत नाही," तो म्हणाला. "पण यंत्र माझं आहे. सीडी यंत्राची आहे. सगळंच उचलून दिलं तर मागे काही राहत नाही. वाटेत कृतिकाला फोन करून विचारलं मी. चालतं."

"आणि तू?"

"मला काय छापायचंय? एक पत्र."

जॉयसने स्कूटरची किल्ली आणली. प्रिंटर मांडीवर घेऊन तो मागे बसला, सीडी शर्टाच्या खिशात. वाटेत चंद्रहास भेटला. "काय रे, बारशाला निघालास?" त्याने विचारलं.

म्हणून ते पत्र आल्बिनामावशींच्या घरी छापलं गेलं, जो प्रिंटर दुपारपर्यंत ॲन्सेल्मचा होता त्यावर. कृतिकाने इंग्रजी सुधारलं होतं, पण एक वाक्य त्याने तिला बदलू दिलं नाही. "आमच्या घरी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, त्या सवयीत मी, हे माझं आहे का, असं स्वतःला विचारायला विसरलो." एकतीस घरांची यादी जोडली. प्रत्येकासमोर लिहिलं: पुसली. खाली सही केली. मावशींनी साक्षीदार म्हणून आपलीही केली, कोणी मागितली नव्हती तरी. मोठ्या अक्षरात.

पत्र गेलं तेव्हा बारावा दिवस होता.

पुढचे नऊ दिवस ॲन्सेल्म रोज सकाळी ते पान उघडून पाही. तेच इंग्रजी वाक्य. त्याने वाडीला पाणी घातलं, चंद्रहासच्या मांडवावर सीडीच्या जागी डब्यांची झाकणं टांगून दिली. एकदा जॉयसने पाहिलं तर तो राजेळीच्या बुंध्याशी उकिडवा बसला होता आणि एका मुनव्याकडे नुसता बघत होता.

दहाव्या दिवशी पान उघडलं. सगळं जागेवर होतं, अकरा वर्षांचं, ओळ न्‌ ओळ. फक्त त्याचं गाठोडं नव्हतं. आणि यान्कोचं पत्र होतं.

"प्रिय ॲन्सेल्म, त्यांनी तक्रार मागे घेतली. तुझं पत्र त्यांच्या वकिलाने मला परत पाठवलं आणि विचारलं, हे एकतीस लोक खरे आहेत का. मी म्हणालो, मला त्यांची केळी मिळतात. किल्ली तुझ्याकडेच राहू दे. एक काम कर. सूचना तुझ्या भाषेत लिही. तुझ्या ओळी, तुझा कॉपीराइट. कुठल्या अटीवर द्यायच्या ते तू ठरव."

ॲन्सेल्मने ते जॉयसला मोठ्याने वाचून दाखवलं. 'किल्ली' या शब्दाशी त्याने चष्मा काढला आणि पुढचं तिने वाचलं.

सूचना लिहायला त्याला चार दिवस लागले. आयुष्यात त्याने दुसऱ्यांनी बनवलेलीच यंत्रं चालू केली होती. हे पहिलंच काही त्याचं स्वतःचं. पहिली ओळ अशी होती: "आधी तुमची स्वतःची सीडी शोधा. घरात नसेल तर वाडीत पाहा." यान्कोने विचारलं, वाडी म्हणजे प्रिंटरचा कुठला भाग? त्याने समजावल्यावर यान्कोने ती ओळ तशीच ठेवली, आणि स्वतःच्या भाषेतल्या सूचनांतही घातली.

छापील प्रत बघायला ॲन्सेल्म सांडोरला गेला. मावशींकडे नोव्हेनाच्या बायका आत जमल्या होत्या. मोठ्या अक्षरांची पानं गुडघ्यांवर घेऊन त्यांचा एकच सूर लागला होता. मावशी उठून बाहेर आल्या, यंत्र चालू केलं. रोलर दोनदा खाकरले. पान आलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून वरपासून खालपर्यंत वाचलं. सगळ्यात खाली त्याचं नाव होतं, ॲन्सेल्म तुस्कानो, गिरीज, आणि नावापुढे अट.

"ही यान्कोचीच अट घातलीस," त्या म्हणाल्या.

"तीच. पण या वेळी आपल्या मालाला."

मावशींनी पान घडी घालून त्याच्या हातात दिलं. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि पिकलेल्या राजेळीची एक फणी घेऊन आल्या. ते झाड चार वर्षांपूर्वी त्याच्याच वाडीतून आलं होतं.

"पहिली फणी तर तुम्ही केव्हाच दिली होती, मावशी," तो म्हणाला.

"ही त्या झाडासाठी नाही," त्या म्हणाल्या, आणि प्रिंटरवर हात ठेवून आत प्रार्थनेला गेल्या.